शिकार त्यांची, हाका आमचा

परवा पाळी संपवून गोदीतून बाहेर पडलो तर रे रोड स्टेशनच्या पुलाखाली आपल्यातलाच एक दोस्त भेटला. चळवळीतला. मोर्च्यात माझ्या शेजारी उभा राहून घसा बसवून घेतलेला. आता बँकेत आहे, ठाण्याला फ्लॅट आहे. त्याबद्दल माझ्या पोटात दुखत नाही. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, तो शिकला. मी मॅट्रिक होऊन लोखंडाच्या कॉइली उतरवतोय. त्याने चहा पाजला आणि मोबाईल काढला.

"तुझ्या गावाला जाऊन आलो. पेंच. फुल फॅमिली."

जिप्सीत बायको, पोरगी, मेव्हणा. सगळ्यांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या. एका फोटोत लांबवर उभा रोही. "वाघ नाही दिसला रे, नुसत्या नीलगाई," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, पुढच्या खेपेला आफ्रिका. तिकडे शिकारसुद्धा करता येते, एकदम कायदेशीर. अख्ख्या कुटुंबासाठी पॅकेज असतं. जाहिरातही दाखवली : बाप, आई, दोन गोरी पोरं, मध्ये एक मेलेलं शिंगवालं जनावर, सगळ्यांचे दात बाहेर. खाली भाव. इम्पाला एवढ्याला, स्प्रिंगबॉक एवढ्याला, कुडू त्याच्या तिप्पट. हॉटेलातल्या थाळीसारखा जनावरागणिक दर. "मी काय मारणार नाही," दोस्त म्हणाला, "पण बघायला काय हरकत आहे?"

तिथल्या तिथे बोललो नाही, कारण चहा त्याचा होता. आता बोलतो.

मी पारशिवनी तालुक्यातला. नागपूरच्या बाबूने नळ उघडला की जे पाणी येतं ते आमच्या पेंच नदीचं, नवेगाव खैरीच्या धरणातून गेलेलं. वरच्या अंगाला तोतलाडोहचं धरण. कोलितमाऱ्याला जंगलाचं गेट आहे, तिथून जिप्सी आत सुटतात. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ ला व्याघ्र प्रकल्प झाला. बाहेर रिसॉर्ट उगवले. त्यातल्या एकात माझा मावसभाऊ भांडी घासतो. मागच्या मे महिन्यात त्याला भेटायला गेलो. मागच्या दाराने, अर्थात. तो म्हणाला, मॅनेजर नाही, ये, पुढचा हॉल दाखवतो.

हॉलमध्ये भिंतीवर फोटो होता. जुना, काळापांढरा, झकास फ्रेममध्ये. खुर्च्यांवर साहेब, मॅडम, पोरं. एक पोरगा बंदूक उभी धरून. पुढे जमिनीवर ओळीने मांडलेली जनावरं : चितळ, दोन रोही, एक डुक्कर. आणि फोटोच्या डाव्या कडेला एक पाय. नुसता पाय. काळा, अनवाणी, गुडघ्यापर्यंत. वरचा माणूस फ्रेमने कापलेला.

मी त्या पायाकडे किती वेळ बघत होतो देव जाणे. (देव मानत नाही, तोंडात येतो.) तो पाय माझ्या आज्याचा नाही. फोटो कुठला, कोणाचा, मावसभावाला ठाऊक नाही. सजावटवाल्याने आणून टांगला असेल. पण हॉलमध्ये बसून बिअर पिणाऱ्या एकाने तरी आजवर विचारलं असेल का, हा पाय कोणाचा म्हणून?

मी सांगतो. तो हाकेवाल्याचा पाय आहे.

शहरातल्या पोरांना हाका म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. शिकारी काही जनावराच्या मागे धावत नसे. तो मचाणावर बसे. जनावर त्याच्यापुढे आणून घालायचं काम दुसऱ्यांचं. गावातून पन्नास-साठ माणसं गोळा करायची, जंगलाच्या एका टोकाला अर्ध्या चंद्रासारखी पांगवायची, डफडी, डबे, काठ्या वाजवत, कोकलत पुढे सरकवायची. जनावरं बिथरून मचाणाकडे पळतात. ठो. काट्याकुट्यातून अनवाणी चालणारा हाकेवाला. जखमी डुक्कर उलटून आलं तर त्याच्यापुढे हाकेवाला. आणि मोजदाद होते तेव्हा शिकार साहेबाची.

ही माणसं कोण? आमच्याकडे महार आणि गोंड. गोऱ्या साहेबांनी नाताळात कुटुंबकबिल्यासह तंबू ठोकायचे आणि गावाने कोंबड्या, दूध, लाकूडफाटा आणि माणसं पुरवायची, ही रीत. गोरे गेले, तंबू राहिले. शिकार परवान्यावर चालायची, जंगलाचे गट वाटून मिळायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत हे उघड चालू होतं.

माझा आजा तेव्हा पंधरा वर्षांचा. साल ५५ असावं. नागपूरकडून एक बडं घराणं दर हिवाळ्यात यायचं. नाव घेत नाही. त्या वर्षी त्यांच्या पोराच्या हाताला वळण लागावं म्हणून रोहीचा हाका ठरला. साहेबी शिकाऱ्यांत रोहीला मान नव्हता. मोठं धूड, शिंगं टीचभर, भिंतीवर टांगायला शोभत नाही. म्हणजे ती पोराटोरांची शिकार. मचाणावर बाप, आई, पोरगा, टिफिन. आजा हाक्यात. पोरगाही त्याच्याच वयाचा. झुडूप हललं, पोराने घोडा दाबला, आणि छर्रे आज्याच्या पोटरीत.

"पोट्टं हाये, चुकलं त्याच्यानं," असं गावाच्या जुन्या मालगुजाराचा माणूस म्हणाला आणि दोन रुपये दिले. चुकलेलं पोट्टं कोणतं तर बंदुकीमागचं. बंदुकीपुढचं पोट्टं मोजणीतच नव्हतं. आजा म्हातारा झाल्यावर मला पोटरी चाचपायला द्यायचा. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी सरकायचं. "दाब न बे, दुखत नाही," म्हणायचा.

पुढच्या ऑक्टोबरात, १४ ऑक्टोबर १९५६ ला, माझा पणजा आज्याला घेऊन नागपूरला चालत गेला. पोटरी अजून ओढत होती, तरी चालला. दीक्षा घेऊन परतले. देव्हाऱ्यातलं सगळं नदीत सोडलं. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दया करायची प्रतिज्ञा आहे. पणज्याला अक्षर येत नव्हतं पण ती पाठ होती. दीड महिन्यात बाबासाहेब गेले. त्या दुःखात वस्ती असताना हिवाळ्याचे तंबू आले आणि मालगुजाराचा माणूस वस्तीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, हाक्याले चला म्हणून.

पणजा बाहेर आला. म्हणाला, "ढोर वढत नाही, तसा हाकाबी घालत नाही. आमी आता बुद्धाचे हाओ."

एवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मोसमात वस्तीतल्या कोणालाही गावात वावरातलं काम मिळालं नाही. मोहाची फुलं आणि अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले. आणि हाका थांबला नाही. पलीकडच्या टोल्यावरून गोंडांची माणसं आणली, हाका झाला, रोही पडले. हे मी लपवणार नाही. आपण नाही म्हटलं तेव्हा शेजारच्या आदिवासीला सोबत घेऊन नाही म्हटलं नाही, आणि आजही घेत नाही. आपल्या कविसंमेलनांत आदिवासी दोन ओळींपुरता येतो. हा आपल्यावरचा आरोप आहे, लिहून ठेवा.

आता रोहीबद्दल. आपण चार पायांचं, शिंगाचं दिसलं की हरीण म्हणून मोकळे होतो. चितळ-सांबराची शिंगं दरसाल गळून नवी येतात. रोही, काळवीट, चिंकारा, चौसिंगा यांची गळत नाहीत. आली ती मरेपर्यंत. ही जात निराळी. जन्माने ठरते आणि मरेपर्यंत गळत नाही अशी गोष्ट कशी असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

तर हा रोही माझ्या मामाच्या वावरात रात्री येतो. अडीच एकर, कोरडवाहू. तूर, हरभरा. दहा-बारांचा कळप धुऱ्यावरून आत शिरला की एका रात्रीत हरभऱ्याचं मैदान. मग जागल. मामा पौषाच्या थंडीत मचाण बांधून त्यावर बसतो. बघा गंमत, तेही मचाणच. फक्त बंदुकीऐवजी डबा आणि काठी. साठाव्या वर्षी माझा मामा रात्रभर हाका घालतो, स्वतःच्या वावरात, फुकट.

दोन वर्षांमागे मामाच्या कठडा नसलेल्या विहिरीत एक रोही पडून मेला. अंधारात पडतात, विदर्भात ही रोजची गोष्ट. मामा शहाणा, स्वतः जाऊन वर्दी दिली. गाडी आली. वर्दीतल्या माणसांनी रोहीआधी मामाकडे बघितलं, मग वस्तीकडे बघितलं, मग विचारलं, "तार कुठं लावली होती बे?" दोन दिवस मामा बसून. घरातली मडकी उघडून बघितली, मटण आहे का म्हणून. सापडलं डाळीचं वरण. तिसऱ्या दिवशी सोडलं. गुन्हा दाखल झाला नाही, उपकार. आणि खाल्लेल्या हरभऱ्याचा पंचनामा? तेव्हा साहेबांना वेळ नव्हता.

कोणी म्हणेल, अरे पण सरकारने परवानगी दिली आहे की. हो, दिली. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने आदेश काढला : पिकाची नासाडी करणारे रोही आणि रानडुकरं परवानगी घेऊन मारता येतील. म्हणजे अर्ज, शिक्का, आणि परवान्याची बंदूक. परवान्याची बंदूक गावात कोणाच्या भिंतीला आहे? आमच्या वस्तीत एकही नाही. ज्याच्या बापाकडे ती होती त्याच्याच घरात ती आहे. शिवाय मामाला रोही मारायचाच नाही, ती प्रतिज्ञा त्याच्याही घरात आहे. त्याला कुंपण पाहिजे आणि पिकाचे पैसे वेळेवर पाहिजेत. पण हे मागायला गेलं की तो भिकारी, आणि बंदूक मागितली की शेतकरी.

कायदा म्हणे सगळ्यांना सारखा. फासेपारध्याला विचारा. पिढ्यान् पिढ्या काळवीट फाश्यात धरून पोट भरणारी ही जमात. इंग्रजाने १८७१ च्या कायद्याने असल्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला, पोलिसाच्या डोक्यातून नाही. आजही जंगलाच्या कडेला पाल दिसलं की आधी झडती. आणि हेच काळवीट १९९८ च्या ऑक्टोबरात जोधपूरजवळ कांकाणीला मेलं, तेव्हा सलमान खान तिकडे शूटिंगला गेला होता. पिक्चर कोणता? 'हम साथ साथ है'. एकत्र कुटुंबाचा, संस्कारांचा पिक्चर! बिश्नोई गावकरी मागे लागले म्हणून केस उभी राहिली. निकाल यायला २०१८ उजाडलं. ५ एप्रिलला पाच वर्षांची शिक्षा, ७ एप्रिलला जामीन. दोन रात्री. माझा मामा रोही न मारता दोन रात्री बसला होता. हिशेब बरोबर आहे, समानता आली म्हणायची.

त्या केसमधून सैफ अली खान निर्दोष सुटला, ठीक. त्याच्या आधी २००५ साली त्याचे वडील, भारताचे माजी क्रिकेट कप्तान पतौडी, हरियाणात झज्जरला काळविटाच्या शिकारीच्या गुन्ह्यात अडकले होते. २०११ ला ते वारले. मेलेल्या माणसाला मी गुन्हेगार ठरवत नाही. मी फक्त शब्दांकडे बघतोय. नवाबाच्या बाबतीत पेपरवाले शौक म्हणतात, वारसा म्हणतात, शिकार म्हणतात. पारध्याच्या बाबतीत तस्करी. एकाच जनावराच्या मढ्याला दोन शब्द, आणि कोणता लावायचा ते मारणाऱ्याच्या आडनावावर.

आता २०१६ ची गोष्ट ऐका आणि थंड बसून दाखवा. जूनमध्ये बिहारात मोकाम्याला हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेच्या वर नीलगाई गोळ्या घालून पाडल्या. केंद्राने नीलगायीला उपद्रवी प्राणी ठरवून तशी मुभा दिली होती. दिल्लीत दोन मंत्री आपसात भांडले, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर. भांडण पेपरात गाजलं. नेमबाजाच्या अंगाला कोणी बोट लावलं नाही. पुढच्याच महिन्यात, ११ जुलैला, गुजरातमध्ये उन्याला आपली पोरं मेलेल्या गायीचं कातडं सोलत होती. मेलेल्या! त्यांना गाडीला बांधून, उघडं करून, सळ्यांनी फोडून काढलं आणि व्हिडिओ काढून जगाला दाखवला. जिवंत 'गाय' सरकारी गोळीने पाडणारा पाहुणा, आणि मेलेली गाय सोलणारा कसाई. गायीचं नावच आडवं येतं म्हणून हरियाणात २०१७ ला नीलगायीला 'रोज' म्हणायचं ठरलं, म्हणजे मारताना भावना दुखायला नकोत. जनावराचं नाव बदलून त्याला गोळी घालता येते. आपण नाव बदललं, धर्म बदलला, तरी सळ्या त्याच.

आणि घराणी संपलीत असं कोणाला वाटत असेल तर यवतमाळला जा. पांढरकवड्याकडच्या जंगलात टी-१ वाघिणीवर तेरा माणसांचे बळी लावले गेले. मेलेले कोण? गुराखी, शेतकरी, मजूर. २०१८ साली तिला धरायला-मारायला हैदराबादचे नवाब शफात अली खान बोलावले गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री गोळी घातली ती त्यांच्या मुलाने, असगर अली खानने. बाप आणि लेक. वाघीण मारायला हवी होती की नव्हती, यावर शहरात महिनाभर मेणबत्त्या पेटल्या. त्या तेरांसाठी किती पेटल्या ते मला सांगा. मी वाघिणीच्या बाजूचाही नाही, विरोधातला नाही. रात्री गुरामागे जंगलात जावं लागतं त्याच्या बाजूचा आहे.

दोस्ता, तू आफ्रिका म्हणालास. तुला माहीत आहे का, आपलं काळवीट आणि आपला रोही अमेरिकेत टेक्सासला पण आहेत? मागच्या शतकात तिथल्या जमीनदारांनी नेऊन सोडले. आता तिथे कुंपणाच्या आत त्यांची पैदास होते आणि पैसे भरून कुटुंबं शनिवार-रविवार मारायला जातात. बापाने पोराला पहिली बंदूक द्यायची, पहिलं जनावर पाडलं की फोटो. म्हणजे माझ्या आज्याच्या पोटरीत घुसलेला तोच पोरगा, टोपी बदलून. आफ्रिकेतल्या त्या जाहिरातीतही नीट बघ. जनावराचा माग काढणारा, मढं गाडीत चढवणारा, कातडं सोलणारा काळा माणूस फोटोच्या कडेला असेल. नसेल तर फ्रेमने कापला असेल.

तू म्हणशील, मी कॅमेऱ्याने शिकार करतो, कोणाचं रक्त काढत नाही. मान्य. पण तोतलाडोहच्या पाण्यात मासे धरून जगणाऱ्यांची आठवण आहे का? उद्यानातून उठवलेले आदिवासी. मध्य प्रदेशच्या बाजूच्या ३०५ जणांच्या मासेमारीच्या परवान्याचा निकाल १९९७ ला सुप्रीम कोर्टाने दिला : मासे धरा, पण फोटोचं ओळखपत्र घेऊन, येण्याजाण्याची रोज नोंद करून, आणि काठावर चूल पेटवायची नाही. ज्याची हयात त्या काठावर गेली त्याने भाकरी भाजायची नाही. जंगल वाचवायला हे लागतं असं तू म्हणशील. मग जिप्सीचा धूर आणि रिसॉर्टचा जनरेटर कशात धरतोस?

माझं म्हणणं जंगल तोडा, रोही मारा असं नाही. आपल्या विहाराच्या भिंतीवर धम्मचक्राच्या दोन बाजूंना दोन हरणं बसलेली असतात ती मला ठाऊक आहेत. भगवंताने पहिला उपदेश मृगदावात केला, हरणांच्या बनात. त्या हरणाशी आपलं नातं कुठल्याही नवाबाहून, कुठल्याही गोऱ्या साहेबाहून जुनं आहे. म्हणून तर राग येतो. आपला शिकलेला माणूस त्या बनात जातो तो फोटोतल्या खुर्चीत बसायला. कडेला कापलेला पाय त्याला ओळखू येत नाही. जिप्सीचा ड्रायव्हर 'साहेब' म्हणाला की त्याची छाती फुगते. अरे, तो ड्रायव्हर, तो गाईड आमच्याच वस्तीतला निघाला असता, तू आडनाव तरी विचारलंस का? का आडनाव विचारायची भीती वाटली, तो तुझं विचारेल म्हणून?

चळवळीतल्या पोरांनो, वन हक्काचा कायदा २००६ चा आहे. आदिवासींबरोबर पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतरांचाही त्यात हक्क लिहिला आहे. फक्त त्यांना तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. आमच्या पणज्याचा पुरावा कुठून आणू? हाक्याचं रजिस्टर कोणी ठेवलं नाही. आज्याच्या पोटरीतला छर्रा होता, तोही आज्याबरोबर जळला. तुमच्यात वकील झालेत, तलाठी झालेत, तहसीलला कारकून झालेत. पारशिवनीच्या गावांत येऊन अर्ज लिहून द्या. गोंडांच्या टोल्यावर आधी जा, आमच्याकडे नंतर. पणज्याच्या वेळी राहिलं ते काम आहे.

आणि दोस्ता, तुला राग आला असेल तर येऊ दे, दोस्ती तुटत नाही. पौषात ये. एस.टी.ने पारशिवनीला उतर, मामाचा पोरगा सायकलवर घ्यायला येईल. मचाण आहे. रोही नक्की दिसतात, वाघाचं सांगत नाही. तिकीट नाही. घोंगडी आमच्याकडे दोनच आहेत, तेव्हा पांघरूण तुझं आण, आणि टॉर्चचे सेल. डबा तुझ्या हातात देईन. रात्री एकच्या पुढे झोप फार येते, तेव्हा वाजवत राहायचा.